भात सुटला, पोट सुटलेलंच

भोरच्या पेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. मागच्या वर्षी माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून कपडे शिवायला येणाऱ्यांपेक्षा पोट बघायला येणारेच जास्त झालेत. "मास्तर, कुठं केलं? खाजगीत का सरकारीत? चरबी कापून काढत्यात म्हनं, खरं का?" एकेकाला सांगून माझं तोंड दुखायला लागलं. शेवटी यशोदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अवो, एकदा लिहून काढा की. येईल त्याच्या हातात वही द्या, आन् तुमी आपली काजं करा."

म्हणून हे लिहितोय. मी सातवी पास आहे, तेव्हा शुद्धलेखनाचं कुणी काढू नका. पैसे भरून पोट कापून घ्यावं का घेऊ नये, हे ठरवताना आम्ही नवराबायकोनं जे भोगलं आणि जो गाढवपणा केला, तो सगळा यात आहे. ज्याला डॉक्टरनं "वजन उतरवा" म्हणून घरी पाठवलंय, त्यानं जरूर वाचावं. बारीक माणसानं वाचलं तरी हरकत नाही, करमणूक होईल.

पोट आणि मशीन

शिंप्याचं काम बसून. त्यात मला जेवण आवडतं, आणि यशोदाच्या हाताला चव आहे. दोन्हीचं मिळून जे व्हायचं ते झालं. पस्तिशीत माझं पोट मशीनच्या फळीला टेकायला लागलं. चाळिशीत ते फळीवर चढलं. सुईपर्यंत हात पोचवायचा तर पोटाला वळसा घालून न्यावा लागायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तरांना कापड ठेवायला टेबल लागत न्हाई." मीही हसायचो. हसायला आपलं काय जातंय?

एक दिवस बॉबिन खाली पडली म्हणून वाकलो, त्यातच खोकला आला, आणि बेंबीत काहीतरी सटकलं. सदरा वर करून बघतो तर बेंबीच्या जागी लिंबाएवढा गोळा! आडवा झालो की आत जायचा, उभा राहिलो की हजर. यशोदा म्हणाली वात आहे. तव्यावर मीठ भाजून तिनं शेकलं. वाताला मीठ लागू पडतं, याला काही पडलं नाही.

मग मी काय करावं? मांजरपाट दुहेरी घेऊन, चार बटणं लावून, स्वतःसाठी पोटाचा पट्टा शिवला. शिलाई अशी झाली होती की गिऱ्हाइकाला दाखवावी. तो घालून तीन महिने काढले. डॉक्टरकडं गेलो नाही, कारण तो काय म्हणेल याची भीती वाटत होती. खरं कारण एवढंच आहे, उगाच सवड नव्हती वगैरे लिहीत नाही.

आणि एक दिवस पायडल मारताना गोळा असा दुखला की मी मशीनवरच ओणवा झालो. उलटी झाली. यशोदानं टांगा आणला आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं.

अस्तर फाटलंय

दवाखान्यातले डॉक्टर तरुण, सोलापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी मला आडवं करून गोळा हळूहळू आत दाबला. दुखणं थांबलं. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"मास्तर, याला हर्निया म्हणतात. पोटाचं आतलं अस्तर फाटलंय, त्यातून आतडं बाहेर डोकावतंय."

"मग शिवून टाका की," मी म्हणालो.

"शिवता येतं हो. पण तुम्हीच सांगा, कापडावर एवढा ताण असला, तर टाका धरंल काय?"

आता मला काय सांगायचं होतं? नाही धरत. तंग पाटलोण घालून बसलेल्या माणसाची शिवण कशी उसवते, ते मी रोज बघतो.

डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मला पुण्याच्या सरकारी इस्पितळात पाठवलं. तिथल्या मोठ्या सर्जननं पोट चाचपलं आणि सांगितलं, वीस किलो वजन उतरवून या, फुकट करून देऊ. एवढ्या अंगाला भूल देणं धोक्याचं, आणि टाके तर राहणारच नाहीत. पण त्याआधी गोळा कधी बाहेर अडकला, आत जाईना, निळा पडला, तर तसेच धावत या. तेव्हा आम्ही वजन बघणार नाही. पण वाचवू याची खात्रीही देणार नाही.

हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. परत येताना एस.टी.त यशोदा तिकिटांची घडी घालत होती आणि परत उलगडत होती. मला मरणाची भीती वाटली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.

भोरच्या दवाखान्यातला वजनाचा काटा शंभरापर्यंतच होता. मी उभा राहिलो की तो टोकाला जाऊन थरथरायचा. मग डॉक्टर स्वतः मला भाताच्या गिरणीवर घेऊन गेले. पोत्यांच्या काट्यावर मला उभं केलं. एकशेचौदा किलो! गिरणीवाला म्हणाला, "मास्तर, बारदान वजा करू का?" अख्खी गिरणी हसली, डॉक्टरही हसले. मी तर काट्यावरच हसत होतो, त्यामुळं काटा ठरेना.

भात बंद

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. साखर बंद, तळलेलं बंद, आणि दोनदा खाली रेघ मारून, भात बंद.

"भात बंद?" मी विचारलं. आमचं मूळ गाव वेल्ह्याकडचं. यशोदाचं माहेरही तिकडचंच. आमच्याकडं भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच नाही.

"पूर्ण बंद," डॉक्टर म्हणाले. "भाकरी खा बिनधास्त. भाकरीनं काही होत नाही."

मी देवळात जाऊन शपथ घेतली नाही, पण घेतल्यासारखंच पाळलं. त्या दिवसापासून शिताला शिवलो नाही. घरात आंबेमोहोर शिजला की वास थेट दुकानात यायचा. मी तोंडात दोऱ्याचं टोक धरून बसायचो. पण उठलो नाही.

सुगीनंतर वेल्ह्याला सासुरवाडीत नव्या भाताचं जेवण होतं. पंगत बसली. मेहुणा वाढायला आला. मी पानावर हात आडवा धरला.

"दाजी, घरचा भात हाय, नवा. एक घास तरी!"

"न्हाई. डॉक्टरनं बंद केलाय."

पंगतीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "जावई भात सोडून बसलाय, मग भाकरी तरी पोटभर खाऊ द्या त्याला," म्हणत त्या चुलीपाशी बसल्या आणि एकामागून एक गरम भाकरी, वर तुपाचा गोळा, अशी पानात पडायला लागली. किती झाल्या ते मी मोजलं नाही. भाकरीला डॉक्टरची परवानगी होती.

तीन महिन्यांनी गिरणीवर गेलो. एकशेसतरा.

जाडा आहे, लबाड नाही

डॉक्टरांनी आकडा ऐकला आणि पेन खाली ठेवलं. "मास्तर, हवा खाऊन कुणाचं वजन वाढत नाही. तुम्ही चोरून खाताय."

मी म्हणालो, "देवाशप्पथ, साहेब, शीतसुद्धा नाही."

"मग हे तीन किलो कुठून आले? माझा वेळ घालवू नका. मरायचं असेल तर तसं सांगा."

माझे कान तापले. यशोदा मागं उभी होती. एरवी ती दवाखान्यात तोंड उघडत नाही. ती पुढं झाली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझा नवरा जाडा हाय, लबाड न्हाई." आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आली.

रस्त्यावर मी रडलो. पेठेतला माणूस पेठेत रडला, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. लोकांना वाटलं काही वाईट निघालं.

पण घरात मात्र चमत्कारिक होऊन बसलं. चार दिवसांनी गुळाचा डबा फळीवर दिसेना. यशोदानं तो पेटीत ठेवून कुलूप लावलं होतं. डॉक्टरसमोर माझ्यासाठी भांडलेली बायको घरात गुळाला कुलूप लावते, हे मला गोळ्यापेक्षा जास्त दुखलं. पुढं मला वाटायला लागलं, खरंच मी झोपेत उठून खातो की काय? एकदा तर सकाळी उठल्याबरोबर मी माझ्याच हाताचा वास घेऊन बघितला.

शेवटी मनाशी ठरवून टाकलं की माझं अंगच तसं आहे. जन्माचंच आहे. काही केलं तरी उतरायचं नाही.

घडी कापणारा डॉक्टर

अशा वेळी एका गिऱ्हाइकानं बातमी आणली. पुण्यात एक खाजगी सर्जन आहे, हर्निया तर शिवतोच, पण पोटावरची लोंबती चरबीही कातडीसकट कापून काढतो. वजन उतरवून या वगैरे भानगड नाही. पैसे भरा आणि बारीक होऊन घरी जा.

हे मला फार पटलं. जादा कापड कापून टाकायचं आणि दुमड घालून शिवायचं, हे तर आमचंच काम.

आम्ही गेलो. कोच होता, पंखा होता, आणि डॉक्टर मोठे मनमोकळे. त्यांनी चक्क टेप काढून माझं माप घेतलं. पोटाची वळी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाले, "ही घडी जाईल. फाटलेलं शिवू. बेंबी मात्र नवी बसवावी लागेल."

"नवी बेंबी?"

"काजं करता ना तुम्ही? तसंच."

मी खूश झालो. पण माणूस प्रामाणिक होता. त्यांनी पुढचंही सांगितलं. यानं सातआठ किलोच जातील, बाकीचे अंगावर राहतील. मोठी जखम होईल, ती पिकू शकते. भुलीचा धोका आहेच, पण आपल्याकडं भूल देणारा हुशार आहे. "गोळा अडकायची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं," ते म्हणाले. आणि खर्चाचा आकडा सांगितला. तो मी इथं लिहीत नाही, अजून घशाखाली उतरत नाही. त्यातला बराचसा आधीच भरायचा होता, उरलेला घरी सोडताना.

यशोदाचं मशीन

आमच्या दुकानात दोन मशीनं. एक माझं जुनं. दुसरं यशोदाचं, घेऊन दोन वर्षं झाली होती. लग्नानंतर तिनं माझ्याकडं बघून बघून शिलाई उचलली. आधी काजं-बटणं, मग परकर, मग ब्लाऊज. ब्लाऊजमध्ये तर तिनं मला मागं टाकलं. कचेरीतल्या बाया, शाळेतल्या बाई, सगळ्या "यशोदावहिनीच शिवतील ना?" असं विचारून कापड ठेवायच्या. त्या कमाईतून तिनं ते मशीन घेतलं. रोज संध्याकाळी काम झालं की ती त्याला तेल द्यायची, फडक्यानं पुसायची, आणि खणाच्या तुकड्यांचं शिवलेलं आवरण घालायची. माझ्या मशीनला कधी आवरण शिवलं नाही तिनं, मी एकदा बोलूनही दाखवलं.

घरात विकण्यासारखं तेवढंच होतं. माझं जुनं कुणी फुकटही नेलं नसतं.

मी विषय काढायच्या आधी तिनंच काढला. ब्लाऊजच्या बाह्या जोडता जोडता, मान वर न करता म्हणाली, "ते मशीन विका."

"अगं पण..."

"लोखंडाचं हाय. परत घेता येतं. तुमी परत मिळायचा न्हाई."

"नक्की विकू?"

"विका म्हनलं की एकदा!"

वरवे बुद्रुकच्या एका गृहस्थांना सुनेसाठी मशीन हवं होतं. ते येऊन बघून गेले. पैसे ठरले, निम्मे त्यांनी इसार म्हणून दिले, आणि मी दवाखान्यात असतानाच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाले. गुरुवारी माझं ऑपरेशन, रविवारी मशीन जाणार. इसाराचे आणि घरात होते नव्हते ते पैसे घेऊन आम्ही पुण्याला गेलो.

दोन सदऱ्यांचा एक

सोमवारी मला दाखल करून घेतलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो. पहाटे पाचला कुणीतरी काखेत थर्मामीटर खुपसायचं. चहा पुळचट. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त मुनीम होते, ते दिवसभर स्वतःच्या मूळव्याधीचा इतिहास सांगायचे. मला त्यांचा फार आधार वाटला. दुसऱ्याचं दुखणं ऐकताना आपलं विसरायला होतं.

दवाखान्याचा सदरा मला मागून बांधता येईना. पाठ उघडी टाकून मी बायामाणसांसमोर फिरू कसा? सुईदोरा माझ्या पिशवीत असतोच. दुसरा सदरा मागून घेतला, शिवण उसवली, आणि दोन्हींचा एक केला. तेवढ्यात शांताबाई सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, नगरकडच्या, आवाज असा की वॉर्डातली माशीसुद्धा उठून बसावी.

"काय चाललंय? दवाखान्याचं कापड कापलं?"

"कापलं न्हाई, बाई. जोडलं."

त्यांनी शिवण उलटसुलट करून बघितली. दुपारी उशांचे सहा फाटके अभ्रे माझ्या खाटेवर आणून टाकले. त्या दिवसापासून आमचं जमलं. मला चहा दोन कप मिळायला लागला, दुसरा जरा घट्ट.

यशोदा माझ्या बहिणीकडं उतरली होती. तिथून दोन वेळा डबा आणायची. बुधवारी दुपारी ती डबा घेऊन आली, आणि नेमक्या शांताबाई कागद घेऊन बसल्या. ऑपरेशनआधी रोगी काय खातो ते लिहून घ्यायचं होतं.

"सकाळी काय घेता?"

"पेज."

"कशाची?"

"पेज कशाची असती? तांदळाची. आजारी माणूस हाय मी."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "इथं तर लिहिलंय भात बंद."

"बंदच हाय की. आठ महिने झाले, शिताला शिवलो न्हाई."

"दुपारी?"

"भाकरी."

यशोदानं कौतुकानं डब्याचं झाकण काढलं. "घरचीच पिठी हाय, बाई. वेल्ह्यावरनं आनलीया."

शांताबाईंनी भाकरी उचलली. पांढरीशुभ्र, मऊ. तुकडा मोडला, वास घेतला. "ही कशाची भाकरी?"

"तांदळाची," आम्ही दोघं एकदमच बोललो.

"आणि संध्याकाळी?"

"भाकरीच. पाहुणं आलं तर घावन."

"तेही तांदळाचं."

"व्हय. पण भात न्हाई."

शांताबाई स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांची टोपी कलली, कागद खाली पडला, मुनीम आपली मूळव्याध विसरून उठून बसले. मला काहीच कळेना. यशोदा तर घाबरली, तिला वाटलं सिस्टरला काही झालं.

"अहो मास्तर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "तुमचा डॉक्टर कुठला?"

"सोलापूरकडचा."

"अन् मी नगरची. आमच्याकडं भाकरी म्हणजे ज्वारीची, नाहीतर बाजरीची. तांदळाची भाकरी आमच्या बापजाद्यांनी बघितली नाही. त्यानं तुम्हाला तांदूळ सोडायला सांगितला. आणि तुम्ही आठ महिने तोच थापून खाताय!"

आमच्याकडं भाकरी म्हटली की तांदळाचीच. दुसऱ्या कशाची असली तरच तिचं नाव घ्यायचं. आणि भात म्हणजे शेतात उभा असतो तो, नाहीतर पातेल्यात शिजतो तो. त्याची पिठी झाली की तो भात राहतो का? आमच्या डोक्यात कधी आलंच नाही. सासूबाईंनी तुपाबरोबर चारलेल्या त्या सगळ्या भाकऱ्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या.

यशोदा उभी होती ती मटकन खाटेवर बसली. "आन् म्या गुळाला कुलूप लावलं," एवढंच म्हणाली.

उद्या, की घरी?

सर्जन आले. तेही भिंतीला हात टेकून हसले. मग खाटेवर बसले, आणि गंभीर झाले.

"मास्तर, तुमचं अंग उतरत नाही म्हणून मी कापायला तयार झालो. पण तुम्ही अजून उतरवून बघितलंच नाहीत. उद्या ऑपरेशन करायला माझी तयारी आहे. पण माझा भाऊ असता तर मी त्याला घरी पाठवला असता. रोज मोजून दोन भाकऱ्या, ज्वारीच्या, भाजी भरपूर, आणि पाचसहा महिने. मग सरकारीतही होईल. गोळा अडकण्याची भीती तोवर राहील, ती मी नाकारत नाही. संध्याकाळपर्यंत सांगा."

तुम्हाला वाटेल मी उड्या मारत घरी निघालो. छे! मला घरी जायचंच नव्हतं. ऑपरेशनला मी मनानं तयार झालो होतो. गुरुवारी आडवं व्हायचं, उठायचं, घडी गायब. घरी जायचं म्हणजे पुन्हा उपास, पुन्हा गिरणी, पुन्हा तो काटा. आणि समजा ज्वारी खाऊनही वजन उतरलं नाही, तर? मग "माझं अंगच तसं" म्हणायलाही तोंड राहिलं नसतं. शिवाय गोळा होताच. पायडल मारता मारता अडकला तर भोरहून पुण्याला पोचेपर्यंत मी राहीन का? हे सगळं मी मोठ्यानं बोललो नाही. यशोदा खाटेच्या पायथ्याशी बसून सुटलेला दोरा रिळावर गुंडाळत होती.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"अंग तुमचं हाय," ती म्हणाली. "तुमी ठरवाल ते."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. काहीच कळलं नाही. संध्याकाळी घंटा झाली, भेटायला आलेली माणसं उठायला लागली. मी म्हणालो, "चल घरी."

"बरं," ती म्हणाली, आणि वळकटी बांधायला लागली.

डॉक्टरांनी खाटेचं भाडं ठेवून बाकीचे पैसे परत दिले. शांताबाईंनी अभ्र्यांची शिलाई म्हणून एक पाव आणि दोन केळी दिली, आणि लगेच केळी काढून घेतली. "एकच खा."

ज्वारी

रात्र बहिणीकडं काढून गुरुवारी सकाळी आम्ही एस.टी.नं निघालो आणि वरव्याला उतरलो. मशीन आता विकायचं नाही म्हटल्यावर गृहस्थ चिडले. "इसार घेतला, शब्द दिला, सुनेनं कोपरासुद्धा सारवून ठिवला. ही काय रीत झाली?" त्यांचं बरोबर होतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. यशोदानं पदरातून इसाराचे पैसे काढून त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणाली, "मामा, सुनेला आठवड्यातनं दोन दिस माझ्याकडं धाडा. तुमी दुसरं मशीन घेईस्तोवर म्या तिला शिकवून तयार करते." म्हातारबुवा जरा निवळले. सून दारामागून हसली, ती मला दिसली.

भोरला आल्यावर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मी तुम्हाला चोर म्हणालो, मास्तर. खानावळीत मला ज्वारीचीच भाकरी वाढतात, म्हणून मला वाटलं इथं सगळे तीच खातात. चूक माझी." मग ते यशोदाकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणालात ते खरं होतं." सरकारी डॉक्टर एका शिंप्याची माफी मागतो! मी तर तिथंच अर्धा बरा झालो.

पुढचे सहा महिने सोपे गेले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्वारीची भाकरी यशोदाला जमेना. तव्यापर्यंत नेता नेता तिचे तीन तुकडे व्हायचे. ती रडकुंडीला यायची. शेवटी डॉक्टरांच्या खानावळीतल्या बाईंकडून पीठ उकळत्या पाण्यात भिजवायला शिकून आली. मी दोन भाकऱ्यांवर उठायचो आणि तासाभरात भूक लागायची. चिडचिड व्हायची. एकदा मी ताट ढकललं. तिनं ते उचलून ठेवलं, आणि संध्याकाळी तेच परत वाढलं. रोज सकाळी उत्रोलीपर्यंत चालत जायचो, पट्टा बांधून. भाताच्या खाचरांच्या कडेनंच रस्ता. उभ्या भाताकडं बघत चालायचं आणि घरी येऊन ज्वारी खायची, हा काय कमी छळ आहे?

पण काटा हलला. आधी दोन किलो, मग पाच. गिरणीवाल्याला माझ्यापेक्षा उत्साह. तो हमालांना थांबवून माझं वजन पुकारायचा. चौऱ्याण्णव झालं त्या दिवशी त्यानं पेढे आणले, आणि मला सोडून सगळ्यांना वाटले.

मग पुण्याच्या सरकारी इस्पितळात दाखल झालो. मोठा वॉर्ड, चाळीस खाटा, खाली जमिनीवरही माणसं. कोच नाही, पंखा एकच, तोही दुसऱ्या टोकाला. पण काम चोख. भुलीच्या टेबलावर कुणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवला. कुणाचा होता ते मला अजून माहीत नाही. शुद्धीवर आलो, दोन दिवसांनी पट्टी काढली, तेव्हा मी आधी टाके बघितले. अंतर एकसारखं नव्हतं. पण घट्ट होते, आणि धरले.

तिनं शेवटी सांगितलं

दोन महिने पायडल मारायचं नाही, असं बजावलं होतं. ते दोन महिने दुकान यशोदानं एकटीनं चालवलं, तिच्या मशीनवर. शाळेचे गणवेश, लेंगे, ब्लाऊज, सगळं. वरव्याची सून येऊन काजं करायची. मी पाटावर बसून कापड बेतायचो आणि गप्पा मारायचो. ते मशीन गेलं असतं तर त्या दोन महिन्यांत आम्ही काय खाल्लं असतं, ज्वारी की वारा, देव जाणे.

मग मी पहिल्यांदा माझ्या मशीनवर बसलो. हात सरळ सुईपाशी गेला. मी तिला दाखवायला वळलो, तर ती आपल्या मशीनच्या फळीवर डोकं टेकून रडत होती. मी घाबरलो. विचारलं, काय झालं?

"त्या दिशी तुमी उद्या कापून घेतो म्हनला असता," ती म्हणाली, "तर म्या हे मशीन गपगुमान देऊन टाकलं असतं. आन् जलमभर कुनाला कळू दिलं नसतं मला काय झालं ते."

"अगं, मी विचारलं होतं की तुला! पुण्याला विचारलं, त्याच्याआधी हितं विचारलं. मग बोलली का न्हाईस?"

"कशी बोलू? तुमी मराया टेकलेला, आन् म्या काय म्हनू, माझं मशीन ठेवा?"

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसलो. आठ महिने मी माझ्याच पोटाकडं बघत होतो, आणि तिच्या घशात काय अडकलंय ते मला एकदाही दिसलं नाही. "अंग तुमचं हाय" म्हणाली, तेव्हा मला वाटलं तिला काही वाटतच नाही.

म्हणून ही वही वाचणाऱ्याला एवढंच सांगतो. पैसे भरून ऑपरेशन करायचं का नाही, ते डॉक्टर सांगेल, तुम्ही ठरवाल. त्यात मी पडत नाही. पण ज्या माणसाची वस्तू विकून ते पैसे भरणार, त्याला विचारा. ते "विका" म्हणालं, तर तेवढ्यावर उठू नका. तिथंच बसा, आणि परत विचारा.